न विचारता घातलेले पाणी

मित्रांनो, दौलताबादच्या किल्ल्याखाली एका जुन्या दवाखान्यात काचेचे कपाट आहे. त्यात तोटी असलेला, काळवंडलेला जो तांब्या दिसतो, तो मी. हातोडीचे घाव सोसून मी आकाराला आलो. आतून कलई लागली, तेव्हा माझ्यात पाणी चांदण्यासारखे दिसे. दूरदेशाहून आलेल्या एका ख्रिस्ती संन्यासिनीने मला बाजारातून उचलले. त्यांचे नाव सिस्टर अगाथा. गावाने त्यांना ‘आगाताई’ केले.

निजामाचे राज्य संपवणारी पोलीस अ‍ॅक्शन नुकतीच होऊन गेली होती. खेड्यापाड्यांतून जखमी माणसे, तापाने फणफणलेली माणसे येत आणि दवाखान्याच्या पडवीत आडवी होत. कोणी कोणाला का मारले, हे तांब्याला कळत नाही, तहान कळते. आगाताई माझी तोटी प्रत्येकाच्या ओठांशी नेत. जात विचारीत नसत, धर्म विचारीत नसत. न विचारणे हा त्यांचा केवढा मोठा गुण, असे मला तेव्हा वाटे.

त्या माणसांत गुलशन नावाची एक स्त्री होती. पदराला लहानगी मेहरुन्निसा. गुलशनची शुद्ध हरपली तेव्हा आगाताईंनी माझी तोटी तिच्या ओठांवरून काढून कपाळावर नेली, तीनदा पाणी सोडले आणि काहीतरी पुटपुटल्या. शेजारी सारजाबाई नावाची तरुण मदतनीस गुलशनचे डोके धरून बसली होती. पुढे गावातल्या रहीमचाचांच्या घरच्या स्त्रिया आल्या. त्यांनी माझ्यातूनच पाणी घेऊन गुलशनला अखेरचे स्नान घातले आणि तिला कब्रस्तानात नेले.

मेहरुन्निसा दवाखान्यातच वाढली. आगाताईंनी तिचे नाव बदलले नाही. कुराण शिकायला तिला रहीमचाचांकडे धाडले. रमजानात पहाटे स्वतः उठून तिची भाकरी गरम केली. हेही मी पाहिले आहे, मित्रांनो, आणि त्या कपाळावरच्या पाण्याइतकेच ते खरे आहे.

आगाताई गेल्या. स्टीलची भांडी आली. मी माळ्यावर पडून राहिलो. कलई उडाली, तोटीत कोळ्याने घर केले.

पुष्कळ वर्षांनी एका सकाळी मला खाली काढून चिंचेने घासण्यात आले. आगाताईंना संतपद द्यावे की नाही, याच्या चौकशीसाठी एक फादर साक्षी घ्यायला येणार होते. सारजाबाई आता पाठीतून वाकली होती. पिकल्या केसांची मेहरुन्निसाही आली होती. आपल्याला वाढवणाऱ्या बाईंसाठी ती चार चांगले शब्द सांगणार होती.

“बसा फादर, पर त्या खुर्चीवर नको,” सारजाबाई म्हणाली. “तिचा एक पाय लंगडा हाय. आगाताई तिच्यावर बसून आमाला रागवायच्या, आन् मधीच कलंडायच्या.”

फादर हसले. मग माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी आगाताईंच्या पाण्याविषयी विचारले.

“व्हय तर! लई मायाळू बाई. मरायला टेकलेल्याच्या कपाळावर थंडगार पाणी सोडायच्या. तापानं डोकं फुटतं ना, म्हणून.” ती अभिमानाने मेहरुन्निसाकडे वळली. “तुझ्या अम्मीलाबी घातलं, मेहरू. म्याच डोकं धरलं व्हतं.”

फादरांची लेखणी थांबली. ते हळूच म्हणाले, “सारजाबाई, ते तापासाठी नव्हते. त्याला बाप्तिस्मा म्हणतात. माणसाला आमच्या धर्मात घेण्याचा तो संस्कार आहे.”

सारजाबाईचा हात डोक्यावरच्या पदरापाशीच राहिला. “आसं कसं? मला तर ताप वाटला.”

मेहरुन्निसा रडली नाही, रागावलीही नाही. भिंतीला बोलावे तशा स्वरात तिने विचारले, “अम्मीला विचारलं होतं का, मावशी?”

“ती कुठं शुद्धीत व्हती, माय!”

“मोठ्या माणसाला त्याच्या इच्छेवाचून बाप्तिस्मा देऊ नये, असा आमचाही नियम आहे,” फादर म्हणाले. मग त्यांनी मेहरुन्निसाला विचारले, “बाई, आपण काही सांगणार होता?”

मेहरुन्निसाने माझ्याकडे पाहिले. घाबरलेल्या सारजाबाईने मला उचलले आणि पाणी पुढे केले. दुसरे काय करावे ते तिला सुचले नाही. मेहरुन्निसाने ओंजळ धरली आणि ती पाणी प्याली. सवयीने ओला हात कपाळाकडे गेला आणि अर्ध्यावरच थांबला. मग तिने तो पदराला पुसला.

“लिहा फादरसाब,” ती म्हणाली. “मला त्यांनी पोटच्या पोरीवानी वाढवलं. आन् हेबी लिहा, माझ्या अम्मीला त्यांनी विचारलं नाय. दोन्ही लिहा. एकासाठी दुसरं खोडू नका.”

“आणि संतपद?”

“ते तुमचं तुम्ही बघा. माफ करायचं का, ते अम्मीनं सांगायचं. ती तर बोलत नाय.”

ती गेली. सारजाबाई दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली.

निर्णय काय झाला, मला ठाऊक नाही. मला मात्र कपाटात ठेवले गेले. येणारे हात जोडतात, काचेपाशी फूल ठेवतात. मला काही वाटत नाही. रिकाम्या भांड्याला काय वाटणार?

तरी मित्रांनो, एवढे माझे ऐका. मला नमस्कार करू नका. काच उघडा, कलई लावा, भरा. तहानेल्याच्या ओठांशी मला अवश्य न्या. पण तोटी कपाळाकडे वळण्यापूर्वी क्षणभर थांबा, आणि त्याला विचारा. तो बोलू शकत नसेल, तर पाणी माझ्यातच राहू द्या.