संगवियन मावशीची नीळ

आमच्याकडे नव्यानं साबण करायला लागलेली प्रत्येक बाई पहिली चूक एकच करते. कुंपणावरची गोकर्णीची फुलं तोडते, उकळते आणि ते गर्द निळं पाणी साबणात ओतते. त्याच पाण्यानं आम्ही भात निळा करतो, मिठाई रंगवतो, तान्ह्या बाळाच्या भुवयांवर तीच फुलं चोळतो, म्हणून तिला वाटतं की साबणही होईल. पण भातात टिकणारा रंग साबणातल्या कास्टिक सोड्यापुढं टिकत नाही. घोटता घोटता निळ्याचं हिरवं होतं, हिरव्याचं पिवळट, आणि सकाळी साच्यातून गढूळ तपकिरी वडी निघते. मग ती रडत माझ्याकडे येते. मी आधी पोट धरून हसते आणि मग सांगते, की हळद घाल, शेंदरीच्या बिया घाल, पतंगाच्या लाकडाची भुकटी घाल, पण निळा हवा असेल तर नीळच लागते. कास्टिक तिचं काही वाकडं करू शकत नाही.

नीळ मला कधी विकत आणावी लागली नाही. माझी संगवियन मावशी आमच्या इकडे सकोन नखोनला नवरी होऊन आली तेव्हापासून नीळ करत होती. नीळ आंबवत ठेवायचा, आमच्या गावातला जिवंत राहिलेला शेवटचा रांजण तिचा. घराखाली सावलीत तो असायचा, आणि ती त्याला चिंच, केळी, तांदळाची दारू घालून सांभाळायची. तिचे हात कोपरापर्यंत निळे. बाजारात अनोळखी माणसं त्या हातांकडे टक लावून बघायची, तर ही मुद्दाम हात हलवून भाव करायची.

गेल्या उन्हाळ्यात डॉक्टरनं तिला यकृताच्या कर्करोगाचं सांगितलं. ती घरी आली आणि मला म्हणाली, "जन्मभर मी कच्चा मासा खाल्ला, लामुन, आता त्यातला किडा मला खातोय. ऐक. मी गेले की लोकांना वाटायला साबण तू कर."

मयताला आलेल्या माणसाच्या हातात काहीतरी द्यायची आमची रीत. कुणी पंखा देतं, कुणी सुईदोरा.

"मुखियाच्या बायकोच्या वेळी बाम वाटला," मावशी म्हणाली. "लोकांनी डोक्याला चोळला आणि तिला विसरून गेले. माझा साबण निळा कर. माझ्या निळीचा. हात धुताना माझे हात आठवले पाहिजेत मेल्यांना."

"जास्त नीळ पडली तर फेस निळा येतो मावशी. टॉवेल खराब होतील. शिव्या देतील तुला."

"देऊ देत की. तेवढीच आठवण."

तिच्याकडे मागच्या हंगामातला निळीचा लगदा बरणीभर उरला होता. नीळ खाली बसवायला घातलेला चुना धुऊन, वाळवून, तेलात खलला की काम झालं. निळीचा नवा पाला यायला अजून पावसाळा यायचा होता, म्हणजे जे काही होतं ते त्या बरणीत. आणि साबण ओतल्यावर महिनाभर तरी वाळावा लागतो, म्हणजे ओतायचा तर ताबडतोब. मी बरणी न्यायला गेले तर तिचा मुलगा प्रायून दारात आडवा.

"आई जिवंत आहे माझी," तो म्हणाला, "आणि तू तिच्या मयताचा साबण करणार? लाज वाटत नाही, ताई?"

"तिनंच सांगितलंय रे."

"ती काहीही सांगेल. मी तिला मोठ्या दवाखान्यात नेतोय. ती बरी होऊन येणार आहे. बरणीला हात लावायचा नाही."

मी रिकाम्या हातानं परत आले. त्या दिवशी मी भांडायला हवं होतं असं आता वाटतं, पण आईसाठी आशा धरलेल्या माणसाशी कुणी कसं भांडायचं?

दवाखान्यातून मावशीचा एकच फोन यायचा, की रांजणाला खाऊ घातलं का. आमच्यात म्हणतात, रांजणात जीव असतो. त्याला राग येतो, तो रुसतो, आणि घरात मरण शिरलं की तो पळून जातो. रांजण काही जागचा हलत नाही, आतला रंग जातो. मावशी आजारी पडल्यापासून रांजणावरचा निळा फेस बसत चालला होता. प्रायून ते रोज बघायचा. त्यानं मनाशी काय घेतलं ते मला नंतर कळलं. रांजण जगला तर आई जगेल.

म्हणून त्यानं बरणीतला सगळा लगदा रांजणात ओतला. वर दारू, वर गूळ, वर चिंचेचा कोळ. पोरानं आयुष्यात कधी रांजण सांभाळला नव्हता. आजाऱ्याला मेजवानी घालावी तसं त्यानं घातलं. दोनच दिवसांत अंगणात उभं राहवेना इतकी घाण सुटली. मी झाकण काढून काठी बुडवली. पाणी राखाडी, खाली सडका गाळ.

"पळाला," मी म्हटलं.

प्रायून तिथंच पायरीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. माझा संताप झाला होता, तो त्या रडण्यानं कुठल्या कुठं गेला.

मी कालव्यापलीकडच्या गावातल्या थोंगबायकडे गेले. तिच्याकडे तीन रांजण आहेत. "मूठभर लगदा दे," म्हटलं. "पुढच्या हंगामात दुप्पट देईन."

"कशाला हवाय?"

खोटं बोलता आलं असतं. पण मावशीच्या नावाच्या साबणात खोटं घालायला मन होईना. मी सांगितलं. तिनं आपले निळे हात पाठीमागे घेतले.

"मयताच्या कामाला? नखभरही नाही देणार, लामुन. माझे रांजण त्या वाटेनं निघून जातील. मावशीलाच विचार, ती देईल का दुसऱ्या कुणाला?"

मावशीनंही दिला नसता. हे मला माहीत होतं, म्हणून मी वादही घातला नाही.

दवाखान्यानं हात टेकले आणि मावशीला घरी आणलं. प्रायून शहरातून पुडी घेऊन आला, कपड्यांना घालतात ती चकचकीत नीळ. "निळं ते निळं," तो म्हणाला. मावशीनं चिमूटभर हातावर घेतलं, नाकाशी धरलं आणि चादरीवर झटकून टाकलं.

"ह्याला वास नाही," ती म्हणाली. "ह्याचा करू नका. त्यापेक्षा बाम वाटा."

मग तिनं रांजणाचं विचारलं. प्रायून माझ्याकडे बघायला लागला.

"पळाला, मावशी," मी म्हटलं.

ती छताकडे बघत राहिली. "शहाणा," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणावरची गोकर्णीची फुलं तोडली. मला माहीत नव्हतं असं नाही. ज्या चुकीला मी गावातल्या बायांना हसत आले तीच मी उघड्या डोळ्यांनी करत होते, कारण दुसरं काही करायला शिल्लकच नव्हतं. फुलं उकळली, पाणी गाळलं आणि पांढरं पातेलं तिच्या अंथरुणाशी नेलं.

तिनं मान वळवली. "गोकर्ण ना गं?"

"हो."

"लगेच ओतू नकोस. जरा राहू दे इथं. बघते."

मी पातेलं तिच्या उशाशी ठेवून बसले. पाणी गार होईपर्यंत ती बघत होती. तिला झोप लागल्यावर मी ते खाली नेलं आणि साबणात ओतलं. पुढं जे व्हायचं ते झालं.

साबण वाळेपर्यंत ती थांबली. गेली तेव्हा सगळ्यांनी रांगेनं येऊन तिच्या तळहातावर पाणी सोडलं. माझी पाळी आली तेव्हा मी तिचा हात हातात घेतला आणि तो ओळखूच येईना. इतके दिवस दवाखान्यात काढून, बायकांनी पुसून पुसून, नीळ उतरून गेली होती. नखांतसुद्धा नव्हती. माझ्या हातात कुणातरी बाईचा गोरा, स्वच्छ हात होता. मी त्यावर पाणी सोडलं आणि बाजूला झाले.

थोंगबाय आत आली नाही. रांजणवाल्या बाया मयताच्या घरात येत नाहीत. ती रस्त्यापलीकडे निळे हात जोडून उभी होती.

फाटकाशी बसून मी साबण वाटत होते. मावशीच्या माहेरची एक म्हातारी आली. तिनं कागद उलगडला, तपकिरी वडी नाकाशी धरली, उन्हात फिरवून बघितली.

"चिंचेचा का गं? चांगला असतो अंगाला."

"हो आजी," मी म्हटलं. "चिंचेचा."