न दिसणारा उजेड

हरिदासने चपला वर्गाच्या दाराबाहेर काढल्या आणि टीव्हीचा रिमोट छातीशी धरून आत पाऊल टाकलं. नववीचा सगळा वर्ग त्याच्याकडे बघत होता. तिसऱ्या बाकावर त्याची मुलगी आम्रपाली मान खाली घालून बसली होती.

काल विज्ञानाच्या तासाला शरयू मॅडमनी सांगितलं, अवरक्त किरण दिसत नाहीत. आम्रपाली उठून म्हणाली, रिमोटमधून निघणारे किरण मोबाइलमधून दिसतात, माझे बाबा रोज पाहतात. मॅडमनी प्रोजेक्टरच्या रिमोटवर आपला मोबाइल धरला. काहीच दिसलं नाही. कोणीतरी 'थापाडी' म्हणालं आणि वर्ग हसला. बाबांना घेऊन येते, असं तीच रागारागात बोलून बसली.

हरिदास समुद्रपूरच्या बसस्टँडजवळ टीव्ही दुरुस्त करायचा. स्वतः आठवीपर्यंतच शिकलेला.

"दाखवा, हरिदासभाऊ," मॅडमनी मोबाइल पुढे केला.

त्याने कॅमेऱ्यासमोर रिमोट धरून बटन दाबलं. काही नाही. मागे खसखस पिकली. आम्रपालीची बोटं बाकाच्या कडेवर आवळली गेली.

हरिदासने मोबाइल उलटसुलट करून पाहिला.

"महागाचा हाये, मॅडम. याच्या मागच्या कॅमेऱ्याले एक वेगळी काच असते, ते हा उजेड अडवते. सेल्फीवाला लावून द्या."

मॅडमनी लावून दिला. त्याने पडदा वर्गाकडे वळवला आणि पुन्हा बटन दाबलं. पडद्यावर फिकट जांभळा ठिपका लुकलुकला.

"दिसून राह्यला!" पहिल्या बाकावरची मुलगी ओरडली.

मोबाइल बाकाबाकांवरून फिरला. मॅडमनी स्वतःही पाहिलं.

"काल मी चुकले," त्या वर्गाला म्हणाल्या. "आम्रपालीचं बरोबर होतं."

"पण काका, नुसत्या डोळ्याले काऊन नाई दिसत?" त्याच मुलीने विचारलं.

"ते मले नाई ठाऊक," हरिदास म्हणाला. "मले बिघाड समजते फक्त."

मॅडमनी खडू आम्रपालीकडे दिला. "तू सांग. बसा, हरिदासभाऊ."

तो तिच्या रिकाम्या जागेवर बसला. आम्रपालीने फळ्यावर दोन लाटा काढल्या, एक दाट, एक पसरट.

"दोघींचा वेग सारखाच. पण ही पसरट लाट अवरक्ताची. हिची तरंगलांबी लाल प्रकाशापेक्षा जास्त. एवढी लांब लाट आपल्या डोळ्यांना ओळखता येत नाही." ती वळली. "समजलं का, बाबा?"

हरिदासला समजलं होतं.

"आणखीन एकदा सांग बरं," तो म्हणाला.