खिडकीकडची रांग

दुकानातल्या वरच्या फळीवरचा कापडाचा तागा काढायला टेलरमास्तर स्टुलावर चढले आणि स्टुलासकट खाली आले. वय अडुसष्ट, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट पार पडलं आणि हाडांच्या वॉर्डात भिंतीकडच्या रांगेतली तिसरी खाट त्यांच्या वाट्याला आली.

वॉर्डात दोन रांगा होत्या, एक भिंतीकडची, एक खिडकीकडची. पहिले दोन दिवस मास्तरांना त्यात काही वावगं दिसलं नाही. गुंगी उतरली तेव्हा दिसायला लागलं.

खिडकीकडच्या रांगेत दिवसभर, दर तासाला, सिस्टर यायची. कुणी बेल दाबो न दाबो. प्रत्येक खाटेशी थांबून विचारायची, "काका, दुखतंय का कुठं? पोटरी दुखते? कूस बदलायची? पाणी हाताशी आहे ना?" शिवाय प्रत्येकाच्या उशाशी एक पांढरा फळा. त्यावर आज काय तपासण्या, घरी कधी, आणि सगळ्यात खाली निळ्या अक्षरात, "तुमच्यासाठी महत्त्वाचं काय?"

भिंतीकडच्या रांगेत मात्र बेल होती. दाबली की सिस्टर यायची, नाही दाबली तर औषधांच्या वेळेला. वाईट काहीच नव्हतं. पण समोर पंचपक्वान्नांचं ताट वाढलेलं दिसत असताना आपल्या भाताला चव कुठून येणार?

मास्तरांच्या बरोब्बर समोर होते बेकरीवाले. त्यांचाही खुबाच, त्यांचंही ऑपरेशन त्याच दिवशी. माणूस गोल, हसरा, सगळ्यांशी लगेच गट्टी जमवणारा. त्यांच्या फळ्यावर लिहिलं होतं, "नातीचं गाणं, शनिवारी, शाळेच्या हॉलमध्ये." आणि त्याच्या वर, "घरी: शुक्रवार."

"हा काय प्रकार आहे?" तिसऱ्या दिवशी मास्तरांनी सिस्टरला विचारलं. "ते काय जावई आहेत का इथले?"

सिस्टर हसली. "आमच्या एका डॉक्टरबाईंचं संशोधन चाललंय, काका. दर तासाला जाऊन विचारपूस केली, तर पेशंट लवकर बरे होतात का, पडतात कमी का, ते बघायचंय. एका रांगेला नवी पद्धत, एका रांगेला नेहमीची. कुठल्या रांगेला काय, ते चिठ्ठी टाकून ठरवलं."

"आणि आमची चिठ्ठी फुटकी निघाली."

"तुम्हाला कुठं काय कमी पडतंय?"

तेच तर सांगता येत नव्हतं. जन्मभर मास्तरांनी दुसऱ्यांच्या अंगाची मापं घेतली होती. कुणाचा डावा खांदा खाली, कुणाचं पोट सुटलंय, ते एका नजरेत कळायचं त्यांना. आता ती नजर दुसऱ्या कामाला लागली. सिस्टर बेकरीवाल्यांपाशी किती वेळ थांबली, किती वेळा हसली, उशी कशी थोपटली. एकदा तिनं त्यांच्या चष्म्याची काच पदराच्या टोकानं पुसून दिली, तेव्हा तर मास्तरांच्या छातीत कळच आली. त्यांनी लगेच बेल दाबली.

"काय झालं, काका?"

"माझाही चष्मा पुसायचाय."

तिनं पुसून दिला. पण मागून घेतलेल्या गोष्टीत काय राम असतो!

संध्याकाळी सून डबा घेऊन आली तेव्हा मास्तर म्हणाले, "उद्या येताना एखाद्या खोक्याचा पुठ्ठा आण. आणि जाड पेन."

"कशाला हो, बाबा?"

"आण म्हटलं ना."

सुनेनं आणला. मास्तरांनी तो मांडीवर घेतला, वर झोकदार अक्षरात लिहिलं, "माझ्यासाठी महत्त्वाचं काय", आणि पेन तसंच हातात राहिलं. काय लिहायचं? दुकान मुलगा बघत होता, त्यांच्यापेक्षा बरं बघत होता. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. नातू परगावी, वाढदिवसाला फोन करणारा. अर्धा तास ते पुठ्ठ्याकडे बघत बसले. समोर बेकरीवाल्यांची नात खाटेवर चढून आजोबांच्या कानात गाण्याची ओळ गुणगुणत होती. अखेर मास्तरांनी पुठ्ठा पालथा करून गादीखाली सारला.

"काय लिहिलंत?" सुनेनं विचारलं.

"शाई सुकलीय," मास्तर म्हणाले. पेन नवंकोरं होतं.

बुधवारी फिजिओथेरपीची बाई दोघांनाही वॉकर देऊन खिडकीपर्यंत घेऊन गेली. दोघं शेजारी शेजारी खुर्च्यांवर बसले. बेकरीवाल्यांना बोलायला माणूस मिळाला.

"काय सांगू मास्तर, इतकी काळजी तर माझ्या घरच्यांनी घेतली नाही कधी. दर तासाला! मला तर वाटतं, घरी गेल्यावर चुकल्याचुकल्यासारखं होणार."

मास्तरांच्या जिभेवर इतके दिवस जे साठलं होतं, ते बाहेर पडलं. "काळजी कसली हो? त्या संशोधनवाल्या डॉक्टरबाईंना प्रबंध लिहायचाय. तुम्ही त्यातला एक आकडा. प्रबंध छापून आला की तुम्हाला कुत्रं विचारणार नाही."

बेकरीवाल्यांचं हसू मावळलं. ते खिडकीबाहेरच्या पार्किंगकडे बघत राहिले. मास्तरांना आतून गारेगार वाटलं. ते वाटणं जेमतेम खाटेपर्यंत टिकलं.

गुरुवारी सकाळी मास्तरांना काहीतरी वेगळं दिसलं. सिस्टर नव्हती तेव्हा बेकरीवाले चादरीखाली हात घालून उजवी पोटरी दाबत होते. चेहरा आवळलेला. सिस्टर आली तसा हात बाहेर.

"पोटरी दुखते का, काका?"

"छे! एकदम ठणठणीत."

तासाभरानं पुन्हा तेच. हात आत, ओठ घट्ट मिटलेले. सिस्टर आली की, "झकास आहे, सिस्टर." चादर जरा सरकली तेव्हा मास्तरांच्या नजरेनं माप घेतलं. उजवी पोटरी डावीपेक्षा चांगली बोटभर जाड. एकाच माणसाच्या दोन पायांत इतका फरक मास्तरांनी कधी शिवला नव्हता.

आता खरं तर तोंड उघडायला हवं होतं. पण मास्तर गप्प बसले. आपल्या बोलण्यानं हा माणूस मिटला, हे त्यांना समजत होतं. आणि तरीही, कुठंतरी खोल, एक आवाज म्हणत होता, घ्या, दर तासाला विचारूनही काही उपयोग नाही. बघू द्या त्यांना. त्या आवाजाचं मास्तरांनी दोन तास ऐकलं. ते दोन तास त्यांना पुढं फार दिवस सलले.

दुपारचं जेवण आलं. बेकरीवाल्यांनी ताट बाजूला सारलं. पोळीचा तुकडाही न मोडणारा बेकरीवाला मास्तरांनी पाहिला आणि त्यांचा अंगठा बेलवर गेला. सिस्टर येईपर्यंत त्यांनी तो उचललाच नाही.

"अहो काका, किती वाजवताय! काय होतंय?"

"मला काही होत नाही. समोर बघा. त्यांची उजवी पोटरी सुजलीय. सकाळपासून दुखतेय. तुमच्याशी खोटं बोलतायत ते."

सिस्टरनं मान वळवली. पुढच्या मिनिटाला ती खिडकीकडच्या रांगेत होती, पाचव्या मिनिटाला डॉक्टर. बेकरीवाल्यांना स्ट्रेचरवरून सोनोग्राफीला नेलं. जाताना त्यांनी मास्तरांकडे असं पाहिलं की मास्तरांनी डोळे मिटून घेतले.

पोटरीत रक्ताची गुठळी निघाली. रक्त पातळ करणारी औषधं सुरू झाली. फळ्यावरचा शुक्रवार पुसून सिस्टरनं "बुधवार" लिहिलं. नातीचं गाणं आजोबांशिवायच झालं.

रविवारी मास्तरांना राहवेना. वॉकर टेकत, पाय ओढत ते समोरच्या रांगेत गेले आणि बेकरीवाल्यांच्या खाटेजवळच्या खुर्चीत धपकन बसले.

"माझ्यामुळं झालं हे."

"तुमच्यामुळंच तर झालं!" बेकरीवाले फणकारले. "नात फोनवर येत नाही माझ्या. फुगून बसलीय."

"तसं नाही. ते आधीचं. मी तुम्हाला बोललो ना, आकडा आहात, कुत्रं विचारणार नाही. म्हणून तुम्ही सिस्टरला सांगणं बंद केलंत."

बेकरीवाल्यांनी भुवया वर केल्या. "असं बोललात तुम्ही? कधी?"

"बुधवारी. खिडकीपाशी."

"काय की. तेव्हा पोटरीत पहिली कळ आली होती. मी त्याच विचारात. दुखतंय म्हणालो तर शुक्रवारी सोडणार नाहीत, मग शनिवार गेला. म्हणून लपवलं." मग जरा नरमून म्हणाले, "डॉक्टर म्हणाले, गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती तर गाणं राहिलं बाजूला, रडायचीच वेळ आली असती घरच्यांवर. राग आलाय मला तुमचा. पण बसा. चहा येईल आता."

मास्तर बसले. चार दिवस ज्या पापाखाली ते वाकले होते, ते पाप समोरच्याला आठवतही नव्हतं. मोकळं वाटायला हवं होतं. वाटला तो अपमान. पापातसुद्धा या माणसानं आपल्याला जागा दिली नाही!

सोमवारी मास्तरांना घरी सोडायचं होतं. सकाळी संशोधनवाल्या डॉक्टरबाई स्वतः आल्या, हातात कागद घेऊन. तरुण, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, पण ऐकताना पूर्ण ऐकणाऱ्या.

"काका, आमची सिस्टर दर तासाला विचारत होती, तरी तिला कळलं नाही. तुम्हाला समोरून कसं कळलं?"

"मी दिवसभर त्यांच्याकडेच बघत होतो."

"का?"

मास्तरांनी क्षणभर मुलाकडे पाहिलं. तो पिशवी भरत होता. "जळत होतो म्हणून," ते म्हणाले. "त्यांना मिळत होतं आणि मला नव्हतं. तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, कळल्यावरही दोन तास मी गप्प होतो."

मुलाचा पिशवीतला हात थांबला. डॉक्टरबाई हसल्या नाहीत. "हे लिहू का?"

"लिहा. पण ते दोन तासही लिहा."

त्यांनी लिहिलं. मग म्हणाल्या, "विचारलं की माणूस खरं सांगतोच, असं आम्ही धरून चाललो होतो. आता विचारण्याबरोबर पायही उघडून बघायला सांगणार आहे मी." त्या बराच वेळ बसल्या. मास्तरांनी हळूच समोर पाहिलं. बेकरीवाले बघत होते.

आता दोघं दर मंगळवारी व्यायामाच्या खोलीत भेटतात. नातीचा रुसवा गेलाय, ती आजोबांना सोडायला येते आणि दाराशी गाणं म्हणून जाते. मास्तर ऐकतात, मान डोलावतात, आणि जळतात. फिजिओथेरपीची बाई कुणाची किती पावलं झाली ते मोठ्यानं सांगते. गेल्या मंगळवारी बेकरीवाले काठीशिवाय चालले. मास्तरांनी अभिनंदन केलं, हात हातात घेऊन, अगदी मनापासून. आणि घरी आल्यावर सुनेला हाक मारून म्हणाले, "जरा माझ्यासोबत चल. गल्लीच्या टोकापर्यंत जायचंय मला. आजच."