पाचवी फरशी

“काका, अहो या फरश्या पालथ्या कुणी घातल्या?”

“मीच,” गवंडी ऐटीत म्हणाला. “खड्डे पडलेली बाजू खाली घेतली. आता बघा, पाण्याचा थेंब थांबायचा नाही.”

बागेचा नकाशा काढणाऱ्या बाईंनी कपाळाला हात लावला. जुना धुलाई कारखाना पाडून तिथे बाग होत होती, आणि त्याची आठवण म्हणून त्यांनी एवढ्या बाराच फरश्या वाचवल्या होत्या. हौदापाशी बायकांनी वर्षानुवर्षं उभं राहून झिजवलेल्या. प्रत्येकीवर दोन पावलांचे खळगे.

“ते खळगेच तर दाखवायचेत, काका!”

“त्यात पाणी साचेल.”

“साचू दे.”

गवंड्याला ते पटेना. चाळीस वर्षांत त्याच्या कामावर कधी पाणी साचलं नव्हतं, आणि हे त्याचं शेवटचं काम. जाता जाता म्हातारा चळला, असंच लोक म्हणणार. पण नकाशा बाईंचा. तो पहार घेऊन एकेक फरशी उताणी करू लागला.

दुपारी बायको डबा घेऊन आली. याच कारखान्यात तिची तीस वर्षं गेली होती. फरश्या दिसताच तिने डबा खाली ठेवला आणि एकेक निरखत चालू लागली.

“ही चौथी आमच्या भिंगरीची. मेली एका जागी उभी राहील तर शपथ! खळगा तरी धड पडलाय का बघा. आणि ही पाचवी माझी. डावा पाय जास्त खोल. कपडे पिळायचं चाक डावीकडे होतं ना.”

गवंड्याने तिच्या पायाकडे पाहिलं. रोज ती डाव्या पायाला तेल चोळत बसायची. का दुखतो, हे त्याने एकदाही विचारलं नव्हतं. त्याला मनापासून लाज वाटली.

“पण पावलांची तोंडं चुकली हो, ती झाडांकडे झालीत,” बायको म्हणाली. “आम्ही भिंतीकडे बघत उभ्या असायचो. झाडं पाठीमागे.”

बाईंचा चेहरा उतरला. “मग खरं होतं तसंच हवं. काका, सगळ्या फिरवायच्या?”

गवंड्याने पुन्हा पहार उचलली. बायकोने त्याचा हात धरला.

“राहू द्या. भिंत पुष्कळ बघून झाली. आता झाडं बघू देत.”

बाई हसल्या आणि त्यांनी नकाशा गुंडाळला. गवंडी गुडघ्यांवर बसला. पाचव्या फरशीच्या डाव्या खळग्यात रेती अडकली होती. ती तो बोटाने हळूहळू काढत राहिला.