दगाभाऊंचा नंबर

रविवारच्या जेवणात हर्षदा आणि दीपक या बहीणभावांची ताटं एकदाही वाद न होता उचलली गेली नव्हती. ती सुरतेतल्या एका सरकारी दवाखान्यात, पुरुषांच्या मेडिकल वॉर्डात सिस्टर. तो मेडिक्लेमच्या पॉलिसी विकायचा. पांडेसऱ्यातल्या त्यांच्या गल्लीत निम्म्या घरांत त्याने भरलेले फॉर्म होते. लग्न होऊन ती उधन्याला गेली होती, पण रविवार माहेरचा.

"सरकारी म्हणजे कुणाचंच नाही," दीपक म्हणायचा. "तुमच्याकडे पंखा बंद पडला तर कुणाची झोप उडते सांग. माणसाने हप्ता भरावा आणि ताठ मानेने एसी रूममध्ये झोपावं."

"आणि ज्याला हप्ता झेपत नाही त्याने कुठे झोपायचं? रस्त्यावर?" हर्षदा विचारायची. "आमचं दार सगळ्यांना उघडं आहे. मिलमालक येवो नाहीतर हमाल, नंबर लागेल तसा घेतो. असाच दवाखाना चांगला करायला हवा, सगळ्या देशासाठी. तुझ्या कंपनीला तर आजारी माणूसच चालत नाही, धडधाकट लागतो."

त्यांचे वडील, सुकदेवआबा, कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी मोडत दोघांकडे पाहून हसायचे. डाईंग मिलमध्ये रंगाच्या वाफेत त्यांची तीस वर्षं गेली होती. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती आणि पोरांचं हे भांडण हीच त्यांची करमणूक होती. "मी आजारी पडू का रे एकदा?" ते म्हणायचे. "म्हणजे निकाल लागेल."

माघात ते खरंच पडले. दम त्यांना चार वर्षांपासून होताच, पण त्या सकाळी संडासातून येता येता ते भिंतीला धरून खाली बसले. ओठ निळसर झाले होते. हर्षदा रिक्षाने धावत आली आणि आल्या आल्या म्हणाली, "प्रायव्हेटला न्यायचं. पॉलिसी आहे ना त्यांची?"

दीपक खाली बघत म्हणाला, "ताई, तुझ्याकडेच नेऊ. तुझी ओळख आहे तिथे."

"माझ्याकडे?" तिचा आवाज चढला. "एका सिस्टरला साठ पेशंट असतात दीपक, मी रोज बघते. आबांना तिथे नाही ठेवणार मी."

"आणि प्रायव्हेटमध्ये काय होतं ते मी रोज बघतो."

आबा धापा टाकत दोघांकडे बघत होते. त्या अवस्थेतही त्यांच्या डोळ्यांत क्षणभर हसू आलं असावं. इतकी वर्षं ज्याने ज्या दवाखान्याची बाजू घेतली, त्यालाच तिथे बापाला ठेवायची भीती वाटत होती. शेवटी हर्षदाचंच चाललं. थोरली होती, नर्स होती, आणि तिला वाटलं भाऊ कटकट नको म्हणून टाळतोय.

प्रायव्हेटमध्ये पहिले दोन दिवस बरे गेले. स्वच्छ चादर होती, बटण दाबलं की माणूस हजर. तिथल्या डॉक्टरने आबांना विचारलं, "काका, हा त्रास कधीपासून?" आबांनी सरळ सांगितलं, "झाली ना चार वर्षं." डॉक्टरने ते कागदावर लिहिलं. तिसऱ्या दिवशी कंपनीचं उत्तर आलं: पॉलिसी दीड वर्षापूर्वीची, फॉर्ममध्ये आधीचा आजार 'नाही' असा लिहिलेला, कॅशलेस नामंजूर.

पायऱ्यांवर उभं राहून दीपकने तिला सांगितलं, "तो 'नाही' मीच लिहिला होता. खरं लिहिलं असतं तर पॉलिसीच मिळाली नसती. वाटलं, दोनतीन वर्षं क्लेमशिवाय निघाली की मग जुन्या आजाराचं कुणी विचारत नाही." त्याचा चेहरा लहानपणी दप्तर हरवून आल्यावर व्हायचा तसा झाला होता. "ताई, मी तुला पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं."

ती वळून बिलाच्या खिडकीकडे गेली. पदरचा खर्च झेपणारा नव्हता. दुपारी अँब्युलन्समधून आबांना तिने स्वतःच्याच वॉर्डात आणलं.

अकरा नंबरच्या कॉटवर आबा, बारा नंबरवर दगाभाऊ. पारोळ्याकडचे, राहायला कोसाडच्या वसाहतीत, लूमवर काम करणारे. त्यांचंही दुखणं तेच, छातीचं. ते सकाळीच भरती झाले होते. ऑक्सिजनच्या नळ्या लावलेले दोघे म्हातारे पहिल्या तासाभरात एकमेकांचे सोयरे झाले.

"कोनतं गाव तुमनं?" आबांनी विचारलं, आणि दोघांची अहिराणी सुरू झाली. बोलायला श्वास पुरत नव्हता तरी ते बोलत होते. कुणाच्या शेताला लागून कुणाचा नाला हे पार सापडलं. दगाभाऊंची बायको सखुबाई दोघांनाही चमच्याने पेज भरवत होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघांचाही दम एकदम वाढला. वॉर्डात श्वासाची मशिनं दोन, दोन्ही लागलेली. आयसीयूत जागा नव्हती. तीनच्या सुमारास एक मशीन मोकळं झालं. तरुण गुजराती डॉक्टरने दोघांना तपासलं, पुन्हा तपासलं, आणि हर्षदाला बाजूला घेतलं. दोघांची तब्येत सारखीच होती. रजिस्टरमध्ये बारा नंबरचं नाव वर होतं. पण डॉक्टरला आबा कोण ते ठाऊक होतं. त्याने नजर खाली वळवली.

"सिस्टर, तमे कहो," तो म्हणाला. तुम्ही म्हणाल तसं.

बारा वर्षांच्या नोकरीत हर्षदाने किती जणांना परत पाठवलं होतं. नगरसेवकाचा मेहुणा, सप्लायरचा माणूस. सगळ्यांना तिचं एकच उत्तर असायचं, नंबर लागेल तसं. आता तिने आबांच्या नखांकडे पाहिलं. मिलचा निळा रंग त्यांच्या कडांतून कधी गेलाच नव्हता, त्यामुळे नखं निळी पडली आहेत की नेहमीसारखीच आहेत हे तिला कळेना.

"ते माझे वडील आहेत," ती म्हणाली.

एवढंच. डॉक्टरने मान हलवली. मशीनची ट्रॉली तिने स्वतः ढकलत आणली. दोन कॉटमधली जागा अरुंद होती. सखुबाईंनी आपलं स्टूल उचललं, त्या अंग चोरून भिंतीला टेकल्या आणि त्यांनी ट्रॉलीला वाट करून दिली.

आबांचा श्वास संध्याकाळपर्यंत लयीत आला. दगाभाऊ दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला गेले, तेव्हा आबा मशीनवर गाढ झोपेत होते. कागद हर्षदानेच भरले. सखुबाईंनी तिचे दोन्ही हात धरले आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही लई केलं आमच्यासाठी." सिस्टरशी बोलताना ती बाई जपून मराठी बोलत होती.

आबांना आठवड्याने घरी सोडलं. त्या रविवारी दीपकने बहिणीला आग्रह करून जेवायला बसवलं. "मी हरलो ताई," तो म्हणाला. मनापासून म्हणाला, त्याचे डोळे भरले होते. "शेवटी तुझं सरकारीच कामाला आलं. उद्यापासून मी तुझ्या बाजूने बोलणार."

हर्षदाने हातातला घास ताटात ठेवला. ती पाणी प्यायच्या निमित्ताने उठली.

आबा खाटेवरून विचारत होते, "बेटा, दगाभाऊ कथा गया? माले सांगी बी नई गया." कुठे गेला, मला सांगूनही गेला नाही.

"गावाला नेलं त्यांना," ती म्हणाली. पुढच्या रविवारी त्यांनी तेच विचारलं, तिने तेच सांगितलं. तिसऱ्या रविवारी म्हणाले, "पारोळ्याले एक फोन लाव." तेव्हा ती खाटेशी जमिनीवर बसली आणि तिने सगळं सांगितलं. रजिस्टरातलं वरचं नाव सांगितलं, ट्रॉली सांगितली, स्टूलसुद्धा सांगितलं.

आबांनी तोंड भिंतीकडे केलं. दोन दिवस ते खाटेवरून उठले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी हर्षदाला बोलावून घेतलं, धोतर बदललं आणि म्हणाले, "कोसाडले चाल."

सखुबाई तिसऱ्या मजल्यावर राहत होत्या. दारात आबांना बघून त्यांना आनंदच झाला. "बरं वाटतंय ना भाऊ?" त्या म्हणाल्या, आणि चटई टाकली. आबा बसले नाहीत. दाराची चौकट धरून, धापा टाकत, एका दमात त्यांनी सांगून टाकलं, "मना नंबर नव्हता बाई. तुमना मालकना व्हता. मन्ही पोरनी माले दिधा."

सखुबाईंना समजायला वेळ लागला. त्यांनी हर्षदाकडे पाहिलं, मग आबांच्या छातीकडे, मग पुन्हा हर्षदाकडे.

"मशीन लावलं असतं तर राहिले असते का हो ते?"

"माहीत नाही," हर्षदा म्हणाली. ते खरं होतं. "कदाचित."

"तेव्हाच सांगायचं ना मग, ताई." सखुबाईंचा आवाज अजिबात चढला नाही. "मी भांडले असते. हरले असते, पण त्यांच्यासाठी भांडले तर असते. मी तर उठून तुम्हाला वाट करून दिली."

मग त्या चटईची सुरळी करू लागल्या. चहाचं विचारलं नाही. खानदेशी घरातून दोघं बिनचहाची निघाली.

जिना उतरताना आबा प्रत्येक वळणावर थांबत होते. हर्षदाने हात पुढे केला. त्यांनी तो झिडकारला नाही आणि धरलाही नाही. कठडा धरून एकेक पायरी उतरत राहिले. खाली पोचल्यावर ते सायकल स्टँडच्या कट्ट्यावर बसले. बराच वेळ त्यांचा श्वास जमेना. ती समोर उभी राहून, सवयीने, त्यांचे श्वास मोजत राहिली.