खळ्याचा रंग, नाचणीचा रंग

बेळगावच्या त्या वसतिगृहातल्या पोरी पांढऱ्याफटक पडल्या होत्या. जिना चढताना धापा टाकायच्या. त्यांच्या ताटात गिरणीच्या तांदळाऐवजी नाचणी यावी, असा ध्यास शास्त्र शिकवणाऱ्या विनोदिनीबाईंनी घेतला होता. "नाचणीत लोखंड आहे हे दाखवा, मग बघू," व्यवस्थापक हरिभाऊ म्हणाले होते.

खानापूरकडच्या यल्लव्वा या शेतकरणीनं घरची नाचणी दिली. बाईंनी ती धुऊन काचेच्या चंबूत घातली, वर ॲसिड ओतलं, मंद आचेवर ठेवलं. तांबूस धूर निघाला, दाणे विरघळले, पाण्यासारखा नितळ द्रव उरला. त्यात लोखंड ओळखणारे थेंब पडताच सारं रक्तासारखं लाल.

हरिभाऊंनी चंबू उजेडाला धरला. "ही नाचणी की घोड्याची नाल, बाई?"

सगळे हसले. बाईंच्या मनात मात्र कुसळ रुतलं. रविवारी त्या यल्लव्वाकडे गेल्या. ती शेणात तांबडी माती कालवून खळं सारवत होती. बाई खाली वाकून त्या तांबड्या सारवणावर बोट फिरवून बघू लागल्या.

"काय झालं ओ बाई?"

"ही मातीच लोखंडाची गं. मळणीत दाण्याला चिकटली, धुऊनही गेली नाही, माझ्या चंबूत आली. उभी कणसं दे मला. हातानं चोळीन."

"हातानं? एवढं तर जावयासाठी बी कोण करत न्हाय."

तरी नव्या पंच्यावर दोघी कणसं चोळत बसल्या. यल्लव्वा गुणगुणली:

सावळी माझी नाचणी, उभी एकली माळाला
पांढऱ्या तांदळाचं कवतिक साऱ्या गावाला

दाणे वाळल्यावर हरिभाऊंसमोर तीन चंबू मांडले गेले. एकात नुसतं ॲसिड, दुसऱ्यात तांदूळ, तिसऱ्यात नाचणी, तिन्ही सारखेच उकळून नितळ झालेले.

"मागचा रंग खळ्याच्या मातीचा होता. मी चुकले," बाई म्हणाल्या.

"मग संपलंच की."

"बघा तर."

थेंब पडले. नुसतं ॲसिड होतं तसंच राहिलं. तांदूळ जेमतेम गुलाबी झाला. नाचणी आधी केशरी झाली, मग डाळिंबाच्या दाण्यासारखी तांबडी. शेजारी मोजून लोखंड घातलेल्या नळ्या फिक्या ते गडद अशा रांगेत उभ्या होत्या. तांदूळ पहिलीशीच थांबला. नाचणीचा रंग रांगेत पार पुढच्या गडद नळीशी जुळला.

हरिभाऊंनी रांग पुन्हा पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "गुणाबाई, भाकरीचा मोठा तवा काढा."

त्या दुपारी भाकऱ्यांचा खमंग वास जिन्यापर्यंत आला. यल्लव्वाला ही बातमी कळली, तेव्हा तिनं ओवीच बदलली:

सावळी माझी नाचणी, बसली मानाच्या पाटाला
पांढरा तांदूळ बाई, सरला ताटाच्या काठाला