इंद्रायणीच्या उत्तरांची वही

मी वही बोलतेय. शंभर पानांची, तपकिरी पुठ्ठ्याची. एकोणीसशे छप्पन साली भिमाजीने मला चिंचवडच्या बाजारातून आणलं आणि पहिल्या पानावर लेकीचं नाव घातलं, इंद्रायणी.

भिमाजी परभणीकडचा. पिंपरीच्या नव्या कारखान्यात कामाला लागला होता. खोली माळावर होती, शाळा रुळांच्या पलीकडे. त्याची बायको सोजराबाई म्हणाली, "माजी लेक येकटी रूळ वलांडनार न्हाई." मग सातवी शिकलेल्या भिमाजीने नऊ वर्षांच्या इंद्रायणीला घरीच शिकवायला घेतलं.

वाचनालयातून तो गोष्टींची पुस्तकं आणायचा. आधी स्वतः वाचायचा आणि कामावर जाण्यापूर्वी माझ्यात तीन प्रश्न लिहून ठेवायचा. ती दिवसभरात पुस्तक वाचून खाली उत्तरं लिहायची. संध्याकाळी हातपाय न धुताच तो मला उघडायचा. उत्तर पुस्तकातलं जसंच्या तसं असलं, की म्हणायचा, "हे पुस्तकाचं झालं. तुला काय कळलं?"

एकदा त्याने विचारलं, 'कुंभाराने चांगलं मडकं का फोडलं?' तिने लिहिलं, 'त्याला ते विकायचं नव्हतं आणि नाही म्हणता येत नव्हतं.' ते उत्तर त्याने कारखान्यात सगळ्यांना ऐकवलं, असं तो सोजराबाईला सांगत होता. त्या दिवशी मलाही मोठं झाल्यासारखं वाटलं.

दिवाळीनंतर उत्तरं बिघडली. 'नाव का बुडाली?' या प्रश्नाखाली तिने लिहिलं, 'नाव बुडाली नाही. सगळे सुखरूप उतरले.'

"पुस्तक उघडलंस तरी का?" भिमाजी ओरडला.

"वाचलं, आबा."

"खोटं बोलतीस! पुन्हा असं केलंस तर पुस्तकं बंद." त्याने तिच्या पाठीत धपाटा घातला.

मला ठाऊक होतं. ती मला नाकाशी धरून प्रश्न कसाबसा वाचायची आणि उत्तर लिहायची. पुस्तकाचं मोठ्या अक्षरांतलं नाव तेवढं तिला वाचता यायचं, पुढची गोष्ट ती मनानेच रचायची. पण मला कोण विचारणार?

माघात एका दुपारी सोजराबाईने लेकीने निवडलेली डाळ पाहिली. खडे तसेच होते. तिने लेकीसमोर दोन बोटं धरली. "किती हायेत?"

"तीन," इंद्रायणी चाचरत म्हणाली.

भिमाजी घरी आला तेव्हा सोजराबाई उंबऱ्यातच बसली होती. "अवो, पोरीला दिसत न्हाई."

"मला का नाही सांगितलंस गं?" त्याने लेकीला विचारलं.

"तुम्ही पुस्तकं आणायचं थांबवलं असतं."

पुण्याच्या डॉक्टरांनी डोळे तपासले. सहा महिने आधी आणायला हवी होती, म्हणाले.

घरी येऊन भिमाजीने माझं पान न् पान उलटलं. श्रावणातली अक्षरं ओळीखाली घसरलेली. भाद्रपदातली एकमेकांवर चढलेली. शेजारी त्याच्याच हातच्या लाल खुणा होत्या, 'बरोबर', 'चूक'. त्याने उत्तरं तपासली होती, अक्षरांकडे पाहिलंच नव्हतं.

आता तो तिला पुस्तकं वाचून दाखवतो. ती ऐकते, प्रश्नही विचारते. मी पत्र्याच्या पेटीत असते. मला ठेवण्याआधी त्याने शेवटचा एक प्रश्न लिहिला, 'तू मला माफ करशील का?' खालच्या ओळी कोऱ्याच आहेत. तो प्रश्न तिला दिसत नाही, आणि मोठ्याने वाचायचा धीर त्याला होत नाही.

तुमच्या हाती मी कधी लागले, तर एवढं करा. तिला हाक मारा आणि हे पान वाचून दाखवा.